माणशी एक पैसा

आमचे हे पुलावरचे नाकेदार. पुलाच्या अलीकडच्या टोकाला टोलनाका आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. फाटकावर पाटी होती: माणशी एक पैसा, गाडीला चार, मयताला माफी. पाटीवर नाही ते काही केल्या ह्यांच्या डोक्यात शिरायचं नाही.

माझं माहेर नदीपलीकडे. मला मुलगी झाली, तेव्हा आई दुपटी शिवून घेऊन आली. ह्यांनी फाटक काही उघडलं नाही. "सासूबाई, एक पैसा."

"लेकीच्या घरी पैसे भरून येऊ?" आई कडाडली. "येईन तर फुकट येईन, नाहीतर येणारच नाही!"

"बरं, मी भरतो माझ्या खिशातून," हे म्हणाले. झालं, आगीत तेल! जावयाचे उपकार घ्यायला ती काय भिकारीण होती? दुपटी फाटकावर टाकून तरातरा निघून गेली.

मग मी तरी शहाणपणा करावा की नाही? एक पैसा टाकून पोरीला आजीकडे न्यावं? छे! "नवऱ्याच्या हातावर पैसे ठेवून माहेरी जाऊ? मेले तरी नाही," मी ठणकावलं. शेवटी मीही तिचीच लेक. रोज संध्याकाळी आई पुलाच्या त्या टोकाला येऊन उभी राहायची आणि मी खिडकीतून पोर उंच धरायची. आठ महिने! आठ महिने तिघंही हटून बसलो.

परवा सकाळी निरोप आला, आई गेली.

पोरीला कडेवर घेऊन धावले. फाटकाशी हे उभे. ह्यांनी हात पुढे केला नाही, पण फाटकही उघडलं नाही. मी पैसा पेटीत टाकला. इतका संताप आला, ह्यांचा, आईचा आणि सगळ्यात जास्त माझा! अगं बये, एवढंच तर करायचं होतं!

स्मशान आमच्या काठावर. दुपारी आईला घेऊन परतलो. ह्यांनी चारही खांदेकऱ्यांकडून एकेक पैसा घेतला. मामा तोंडावर थुंकायचेच काय ते बाकी राहिले. मग ह्यांनी फाटक सताड उघडलं.

"या, सासूबाई," हे म्हणाले आणि तिथेच ढसाढसा रडायला लागले.

बाईने शब्द खरा केला. फुकट आली.