नमुना क्रमांक एक

वृद्धाश्रमात अकरा जणांना ताप आला आणि व्यवस्थापकांनी तपासाआधीच निकाल लावला: ताप मावशींनी आणला. मावशी तिथल्या आजी-आजोबांना अंघोळ घालायच्या, गर्दीच्या बसने यायच्या आणि उलट बोलायच्या. एका माणसाविरुद्ध एवढे पुरावे सहसा सापडत नाहीत. तरी शास्त्राचा शिक्का असावा म्हणून रहिवासी, कर्मचारी अशा सगळ्यांच्या नाकातले नमुने प्रयोगशाळेत आले.

तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी प्रत्येक विषाणूची जनुकीय अक्षरं वाचली. विषाणू माणसातून माणसात पसरताना स्वतःची नक्कल करतो आणि नकलेत अधूनमधून चुकतो. त्या चुका जुळवल्या की वंशावळ निघते. बाईंना सासरची वंशावळ सोळा वर्षांत लागली नव्हती. विषाणूंची त्या दुपारच्या चहाआधी लावत. वर्षातली ही चाळिसावी साथ होती. त्यांनी यादी संगणकाला दिली, वंशावळीचं झाड आलं, मुळाशी मावशी. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी न वाचता सही केली. सरांची वाचायची पद्धतच ती होती.

मावशींना त्याच दिवशी घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी कागद फाइलला लावताना बाईंचा हात थांबला. मावशी, नमुना क्रमांक एक. तुलनेला बाहेरचा विषाणू दिला नाही, तर सॉफ्टवेअर यादीतल्या पहिल्यालाच मूळपुरुष मानतं. दर वर्षी नव्या मुलांना हे बाईच शिकवत; काल स्वतःच विसरल्या होत्या. त्यांनी वृद्धाश्रमात फोन लावला.

"मावशींचा नमुना पहिला का घेतलात?"

"ताप तिनंच आणलाय ना? म्हणून रांगेत तिलाच पुढे उभी केली," व्यवस्थापक म्हणाले.

बाईंनी गेल्या महिन्यात शहरात सापडलेला विषाणू सोबत घालून झाड पुन्हा काढलं. मावशींच्या विषाणूत तीन नंबरच्या खोलीतल्या आजोबांकडच्या सगळ्या चुका होत्या, वर एक नवी. म्हणजे ताप आजोबांकडून मावशींना गेलेला. मावशी पार शेंड्यावर. आणि शहरातल्या विषाणूला सर्वांत जवळचा, मुळाशी, व्यवस्थापकांचा नमुना. त्यांना ताप नव्हता. नुसती 'धुळीची ॲलर्जी' होती.

"सही झालीय हो," सर म्हणाले. "आता चूक कबूल करायची?"

"मावशींची नोकरी गेलीय, सर."

"तुम्हाला या सगळ्याचा कंटाळा नाही येत?"

"येतो. म्हणूनच तर चुकलं."

सरांनी या वेळी वाचून सही केली. नवा अहवाल बाई स्वतः घेऊन गेल्या.

व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला, मग शिंकले. "विषाणूच तो. दिसत नाही, वास नाही. त्यात कोणाचा दोष काढणार?"

"काल काढला होता."

"काल माहिती अपुरी होती." बाई खुर्चीतून हलेनात, तेव्हा त्यांनी मावशींना फोन लावला. "मावशी, उद्यापासून या. झालं गेलं सोडून द्या."

"तीन नंबरचे आजोबा कसे आहेत?" मावशींचा आवाज बाईंपर्यंत खणखणीत आला.

"ताप उतरला. पण दुसऱ्या कोणाच्या हातून अंघोळ घेत नाहीत."

"येते. पण आधी तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं, ताप कोणी आणला ते. मग मी साबण हातात घेईन."

"सगळ्यांसमोर?"

"हो. आणि जरा मोठ्यानं सांगा साहेब, निम्म्यांना ऐकू येत नाही."