रक्त सांडणारा पुतळा

मी एक जुना पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसवतात त्यांच्यातला नव्हे. मला कोणी हार घालत नाही. कापड दुकानाच्या दारात शर्ट-पँट घालून उभे असतात ना, त्यांच्यातला. मित्रांनो, माझ्या अंगावर कोयत्याचे, करवतीचे आणि कुऱ्हाडीचे घाव आहेत. ते कसे झाले ते ऐका, आणि ऐकताना तोंड फिरवू नका.

सुरतेच्या एका कारखान्यात मला साच्यातून काढलं आणि शहाद्याला चुनीलालशेठच्या दुकानात उभं केलं. लग्नसराईत नवरदेव माझ्या अंगावरच्या कोटाकडे बोट दाखवून ‘हाच द्या’ म्हणत. मला गर्व चढला होता, खोटं कशाला सांगू? मग एके दिवशी शटर कोसळलं आणि माझं नाक फुटलं. नकट्या पुतळ्याच्या अंगावरचा कोट कोण घेणार? शेठनी मला गोदामात फेकलं. तिथं माझ्या पोटात उंदरीण व्याली.

तिथून मला लोणखेड्याच्या कॉलेजातल्या मयूरीनं आणि लखननं उचललं. मी हरखून गेलो. मला काय ठाऊक, आपण आगीतून फुफाट्यात पडतोय!

जगभरच्या विद्यापीठांतल्या मुलांच्या संघांची एक स्पर्धा होती. माणसांचे जीव घेणारा एखादा आजार किंवा प्रश्न निवडायचा आणि त्यावर साध्या माणसांना जमेल असा उपाय करून दाखवायचा. कोणी हिवताप निवडला, कोणी गढूळ पाणी. मयूरीनं रक्त निवडलं. अपघात झाला की दवाखाना गाठण्याआधीच रक्त वाहून माणूस मरतो. भोवती माणसं असतात, पण जखम कशी दाबून धरायची ते त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. ते शिकवायला तिला एक शरीर हवं होतं.

ते शरीर म्हणजे मी. लखननं ऊसतोडीचा कोयता माझ्या मांडीत घातला. करवतीनं दंड चिरला. जखमांमध्ये स्पंज आणि सलाइनच्या नळ्या कोंबल्या आणि त्या फवारणीच्या पंपाला जोडल्या. पंप मारला की बिटाचं लालभडक पाणी माझ्या मांडीतून चिळकांडी मारत उडायचं. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,” असं म्हणून लखन मला चिडवायचा. देवपण कोणाला हवं होतं? मला माझा कोट हवा होता. मयूरी तर जखमेवर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा सगळा भार टाकायची. इतका, की माझी चीर वाढत जायची. ही पोरगी एवढी का चिडलेली असते, ते मला कळेना.

ते कळलं तिच्या गावी. शेवटच्या फेरीसाठी गावातल्या माणसांनी रक्त थांबवून दाखवलेलं चित्रण पाठवायचं होतं. “दुसऱ्या गावी जाऊ,” असं लखन म्हणत होता. मयूरीनं ऐकलं नाही. पिकअपमध्ये आडवं घालून तिनं मला तापीकाठच्या आपल्या गावी नेलं. वाटेत तिनं लखनला सगळं सविस्तर सांगितलं, ते मी ऐकलं. तिचे वडील दोधू यांचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला होता. गावानं नेहमीसारखं केलं. जखमेत हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्यांना शहाद्याकडे पळवलं. गाडी चालवत होते काका नवनीत. मागे मयूरी वडिलांची पाठ धरून बसली होती, आणि तो हात खाली लोंबकळत रक्त सांडत होता. शहादा आलं, तेव्हा दोधू नव्हते. घरात त्यावर पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही.

गाव पारापाशी जमलं. लखननं कॅमेरा चालू करून एका ओट्यावर ठेवला आणि पंप मारला. माझ्या मांडीतून धार उडाली, तशा बायका किंचाळल्या. म्हाताऱ्या वत्सलाबाई घरातून हळदीचा डबाच घेऊन आल्या.

“हळद भरा, हळद! रगत थांबी जाई.”

“आजी, हळदघाई नही थांबत. दाबनं पडस,” मयूरी म्हणाली. “आनि फटफटीवर मधमा बसाडानं नही. आडवं पाडानं.”

मागून नवनीत उठले.

“म्हंजे मन्हा भाऊले मी मारं का?”

“काका, मी तसं नही म्हनी ऱ्हायनी.”

पण ऐकतो कोण! त्यांनी मला लाथ घातली. मी उताणा पडलो. मग त्यांनी शेजारच्या लाकडांच्या ढिगावरची कुऱ्हाड उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला आणि माझा हात उडाला. दुसऱ्यानं मान तुटली आणि डोकं गडगडत पाराला आपटलं. तिसरा घाव माझ्या गुळगुळीत छातीवरून सटकला आणि थेट त्यांच्याच पायात, गुडघ्याखाली, घुसला.

नवनीत कोसळले. बिटाच्या पाण्याशेजारी खऱ्या रक्ताची धार उडू लागली. आणि मित्रांनो, गाव पुन्हा तेच करू लागलं! कोणी हळदीचा डबा उघडला, कोणी मोटारसायकलला किक मारली. लखनचे पाय जागीच खिळले. मयूरी आपल्या हातांकडे नुसती बघत राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं. मला फार फार भीती वाटली.

तेवढ्यात मयूरीची आई छबूबाई पुढे आल्या. इतका वेळ त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. तोच पदर त्यांनी जखमेत कोंबला आणि दोन्ही हात टेकवून अंगाचा सगळा भार टाकला.

“फटफटी बंद कर! एक डाव तिनावर मन्हा धनी गया. पिकअप आना! मयूरी, तू बी दाब!”

मयूरीचे हात आईच्या हातांवर पडले. नवनीत कळवळून शिव्या देत होते, वहिनीच्या खांद्यावर मुठी मारत होते.

“सोड व वहिनी! जीव जाई ऱ्हायना!”

“हात नही सोडस मी!”

ज्या पिकअपमधून मी आलो, तीतच त्यांना आडवं घातलं. शहाद्याच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्या मायलेकींनी हात काढले नाहीत. नवनीत वाचले.

ओट्यावरच्या कॅमेऱ्यात सगळं उतरलं होतं. स्पर्धेला याहून चांगलं चित्रण कुठून मिळणार? पण मयूरीनं ते पाठवायला साफ नकार दिला. काकांचा तमाशा तिला जगाला दाखवायचा नव्हता. ती मला तारेनं आवळून जोडत होती, तेव्हा पायाला टाके घातलेले नवनीत काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी बसले.

“धाडी दे ती फिल्लम,” ते म्हणाले. “अशीच दाबी धरी ऱ्हातू, ते मन्हा भाऊ बी वाचता.”

मयूरी हुंदके देऊन रडली. तेही रडले.

बक्षीस दुसऱ्याच देशातल्या संघाला मिळालं, आणि मला त्याचा अजून राग आहे. पण आता आम्ही गावोगाव जातो. पंप नवनीत स्वतः मारतात आणि आपला पाय उघडा करून दाखवतात. मी रक्त सांडतो, माणसं दाबायला शिकतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कधी कोणाचं रक्त वाहताना दिसलं, तर त्याला आडवं करा, हाताला येईल ते स्वच्छ कापड घ्या आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरा. तुमच्या हातांखालचं माणूस ओरडेल, शिव्या देईल, कदाचित मारेलसुद्धा. मारू द्या. हात काढू नका.