शेवटी ‘साइड’ येणारे शब्द

नीरजा दीक्षितांच्या क्लासला पाटी नव्हती. तरी स्वारगेटच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारलं, तर “शेपटांच्या बाई ना?” म्हणून लोक जिना दाखवत. बाई इंग्रजी शब्द एकेकटे शिकवत नसत, त्यांचा शेवट धरून शिकवत. ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र, ‘फोबिया’ म्हणजे भीती, ‘इटिस’ म्हणजे सूज. एक शेपूट नीट धरलं की सगळा कळप मागोमाग येतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे बहुतेक बँकेच्या परीक्षांची मुलं येत. त्यांच्यात शेवटच्या बाकावर पंचेचाळिशीचा हिंदुराव बसे. कात्रजच्या पुढचं त्याचं गाव आता महापालिकेत आलेलं, आणि तो तिथल्याच एका मोठ्या सोसायटीत सुरक्षारक्षकांचा मुकादम. या वयात इंग्रजी कशाला, असं बाईंनी विचारलं होतं. “लागतंय,” एवढंच तो म्हणाला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी ‘साइड’ घेतला. हे शेपूट मारण्याचं, त्यांनी सांगितलं. पेस्टिसाइड कीड मारतं, हर्बिसाइड तण मारतं. सुसाइड म्हणजे आत्महत्या, होमिसाइड म्हणजे माणसाने माणसाचा जीव घेणं, पॅट्रिसाइड म्हणजे बापाची हत्या आणि फ्रॅट्रिसाइड म्हणजे भावाची. आपला रोजचा ‘डिसाइड’सुद्धा याच घराण्यातला. निर्णय घेतला की बाकीच्या वाटा कापून टाकाव्या लागतात, म्हणून. मुलं हसली.

शेवटच्या बाकावरून हिंदुराव उभा राहिला. “मॅडम, भावाला मारलं न्हाई, पण वाचवता येत असून मरू दिलं, तर त्यालाबी हाच शब्द?”

 नाही, बाई म्हणाल्या, त्याला असा वेगळा शब्द नाही. तो खाली बसला. पुढच्या तासाभरात त्याने मान वर केली नाही.

वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्रपालीला थांबवून घेतलं. ती वर्गातलीच, हिंदुरावच्या गावची. तिने सहज म्हणून सगळं सांगितलं. हिंदुरावचा थोरला भाऊ नागोराव वर्षभर आजारी आहे. त्याची बायको कधीच वारली, मूल नाही. रस्त्यालगतची जमीन दोघांच्या नावावर आहे, बिल्डर खेटे घालतोय, हिंदुरावची बायको मैना विकायच्या बाजूची, पण नागोराव विकू देत नाही. बाईंनी मान हलवली, आणि जिना उतरताना हिंदुरावचा प्रश्न या जमिनीशी जोडून टाकला.

त्यानंतर त्यांची हिंदुरावकडे बघायची नजरच बदलली. तो वर्गात घड्याळाकडे पाहायचा, फोन वाजला की बाहेर जायचा, आणि हे सगळं आता त्यांना खटकू लागलं. एकदा त्या जिन्यातून वर येत असताना वरच्या वळणावर फोनवर बोलणारा त्याचा दबका आवाज ऐकू आला. “दादाला कळता कामा नये. सह्या होऊ द्या, मग बघू.” बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तो आत गेल्यावरच वर आल्या.

पोलिसांत जावं, असं एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ विचारला? चौकीतले लोक चहा पाजून परत पाठवतील. शेवटी रविवारी, हिंदुराव कामावर असताना, आम्रपालीला घेऊन त्या गावातल्या घरी गेल्या. मैना माहेरी गेली होती. नागोराव ओसरीवर खाटेवर बसला होता. पाय सुजलेले, दंडावर पट्टी. शेजारी झाकलेलं ताट. हिंदुराव सकाळी स्वतः करून ठेवून गेला होता.

“आमचा हिंदू तुमच्याकडं काय शिकतो, बाई?” नागोरावने विचारलं.

सांगायला लॉजी होतं, फोबिया होता. बाईंनी साइड सांगितला. हिंदुरावने विचारलेला प्रश्न सांगितला, आणि जिन्यातलं बोलणंही. सांगताना आपण एका माणसाचा जीव वाचवतो आहोत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

 नागोरावने ताट हाताने दूर सरकवलं. “मलाबी कुठंतरी वाटतच होतं,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात हिंदुराव क्लासला सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभा राहिला. डोळे लाल झालेले. दादा आपल्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, त्याने सांगितलं. डायलिसिसला न्यायला गाडी आणली तर म्हणतो, तू मला कुठं नेशील याचा भरवसा नाही. दोन खेपा चुकल्या. आता धाप लागते. “तुम्ही आला होता म्हणं घरी.”

“आले होते,” बाई ताठ आवाजात म्हणाल्या. “तुमचं फोनवरचं बोलणंही ऐकलंय मी. कसल्या सह्या?”

तो बाकावर बसला. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, त्याने सांगितलं. आपली जुळते, एक त्याला द्यायचं ठरवलंय. बायकोची संमती हवी आणि ती देत नव्हती. दादाला आधी कळलं असतं तर त्यानेच मोडता घातला असता, लेकरं लहान आहेत म्हणून. आपल्या बाजूचे सगळे कागद पुरे झाल्यावरच त्याला सांगायचं, असं दवाखान्यात अवयवदानाचं काम बघणाऱ्या ताईंशी फोनवर ठरलं होतं.

“डॉक्टर सारखं नेफ्रेक्टॉमी, नेफ्रेक्टॉमी म्हणतात,” तो म्हणाला. “तोंडावर विचारायची लाज वाटली. तुमच्याकडं त्या शेपटाचा तास कधी येतोय म्हणून बसत होतो.”

 “एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि नेफ्र म्हणजे मूत्रपिंड.”

“म्हणजे मला वाटलं होतं तेच.” त्याने खाली पाहिलं. “भ्या वाटतंय, मॅडम. त्या दिवशी तेवढंच विचारायचं होतं. भिऊन मागं सरलो, तर ते मारल्यासारखं होईल का.”

बाईंनी त्या दिवशी वर्ग घेतला नाही. रिक्षा करून हिंदुरावबरोबर त्या थेट गावाकडे निघाल्या. 

नागोराव भिंतीला टेकून श्वास घेत होता. बाईंनी सगळं सांगितलं, आपली चूक झाली असंही सांगितलं.  “त्या दिवशी तुम्ही एक सांगितलं, आज दुसरं सांगता,” नागोराव म्हणाला. “मधल्या दिवसांत ह्यानं तुम्हाला काय दिलं?”

 हिंदुरावने कागद पुढे केले, तेही त्याने हातात घेतले नाहीत. इंग्रजीतले कागद कुणीही आणतं, असं तो म्हणाला.

तेवढ्यात माहेरून परतलेली मैना आतून बाहेर आली. दिराशी ती एरवी कामापुरतंही बोलत नसे.

“मला विचारा,” ती म्हणाली. “मीच सही देत न्हवते. ह्यांच्या पाया पडले, माहेरी जाऊन बसले. तुमच्यापायी माझी पोरं उघड्यावर पडली तर, असं मीच म्हणाले. हे ऐकंनात. काल सही दिली मी, रडत दिली. आता तुम्ही जेवा नायतर मरा.” आणि ती आत गेली.

मैना आपल्या भल्यासाठी खोटं बोलेल, असं नागोरावला स्वप्नातही वाटलं नसतं. म्हणूनच त्याचा विश्वास बसला. त्याने भावाकडे पाहिलं, डोळ्यांवर पंचा धरला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मग म्हणाला, “गाडी बोलाव.”

किडनी घ्यायला त्याने नकार दिला, भांडला, रुसला. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोरासमोर बसवलं, तेव्हा तयार झाला. ऑपरेशन पार पडलं. हिंदुराव आठवड्यात घरी आला, नागोराव त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

पथ्य जरा सैल झाल्यावर बाई भेटायला गेल्या. डॉक्टरांना विचारून मुगाची मऊ खिचडी डब्यात नेली होती. नागोरावच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्याने त्यांना बसा म्हटलं, तब्येतीचं विचारलं, पण डब्याला हात लावला नाही.

“तिथं ठेवा,” तो म्हणाला. “आधी हिंदू खाऊन बघंल.”

हिंदुराव ओशाळून हसला. त्याने चमचाभर खिचडी खाल्ली, बोटं पुसली आणि डबा भावापुढे सरकवला. मग नागोराव जेवायला बसला. बाई त्याचं जेवण होईपर्यंत ओसरीच्या कडेला बसून राहिल्या.