कुणाच्याच तोंडात न गेलेलं पाणी

दिवेवाल्याकडे जाऊन दादाला काय मिळणार होतं, ते आधी बघू. आवाज. डॉक्टर म्हणाले होते, घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढू; बोलणं जाईल, माणूस राहील. दिवेवाला म्हणाला, दोन्ही राहतील. वर फी नाही. गिऱ्हाइकांशी गप्पा मारत जन्मभर चष्मे खपवलेल्या माणसाला हा सौदा महाग कसा वाटावा?

गर्दी जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत. अंधाऱ्या खोलीत दिवेवाला पेल्यातून ‘शोधक पाणी’ देई. आजारी माणूस चूळ भरून पांढऱ्या वाडग्यात टाकी. जांभळा दिवा लागला की चूळ हिरवीगार चमके.

"आजार स्वतःहून बाहेर येतोय. मी फक्त दार उघडलं," दिवेवाला नम्रपणे सांगे. नम्रपणाचा त्याला चांगलाच सराव होता.

दर आठवड्याला हिरवं फिकं होई. आठव्या खेपेला दादाची चूळ चमकलीच नाही. पुढे ढकलत आणलेलं ऑपरेशन त्याने परस्पर रद्द करून टाकलं आणि मग घरी सांगितलं.

त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत पेशींना चमकणारे रंग लावते. ऑपरेशनला तो राजी व्हावा म्हणून तिनेच त्याला सूक्ष्मदर्शकातून त्याच्या गाठीचा तुकडा दाखवला होता. हिरवं चमकतंय ना, ती गाठ, म्हणाली होती. रंग आपणच वरून घातलाय, हे सांगायचं राहिलं; आजार स्वतःच हिरवा चमकतो, असं दादाने धरलं. रोजच्या कामातलं सांगायचं सुचतं कुणाला?

तिच्याकडे एक नियम आहे: प्रत्येक तपासणीसोबत एक काच पेशींशिवाय ठेवायची. तीही चमकली, तर सगळा निकाल कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन गेली, एका नव्या रोग्यासमोरचा भरलेला पेला उचलला आणि सरळ वाडग्यात ओतला. रिकामा पेला हातातून निसटून फुटला. दिवा चालूच होता. वाडगा हिरवागार.

"हा कुणाचा आजार? पेल्याचा?" तिने विचारलं. मग समजावलं: पहिल्या खेपेला पाण्यात रंग जास्त, पुढे कमी, शेवटी नुसतं पाणी.

"ताईंच्या मनातला संशय चमकला," दिवेवाला म्हणाला. माना डोलल्या. रांग एक माणूस पुढे सरकली.

जिन्यात दादाने घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग तुझ्याकडे चमकलं, ते तरी खरं होतं?"

ती म्हणाली, तो रंग गाठीतल्याच एका प्रथिनाला चिकटतो, बाकीचा धुऊन जातो; आणि रिकामी काच तेव्हाही काळीच होती. दादाने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"हे तेव्हाच सांगायचं होतंस गं."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठ आता काढण्यापलीकडे पसरली होती.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा: आता हेच आजारी माणसाशिवाय करून दाखव. आणि ते घरच्यांना आधीच शिकवून ठेवा.

फी नव्हती, हे खरं. दादाचा आवाज दहा दिवसांत गेला, सहा आठवड्यांनी दादा. दिवेवाल्याचा गेला एक पेला.