छोट्या गाडीच्या बातम्या

आमच्या गल्लीत शिंपीदादांचं दुकान होतं. दादा कापायचे, शिवायचे. वहिनी काजं-बटणं करायच्या. मशीनच्या खडखडाटात दिवसभर दोघांचं "कात्री द्या" आणि "दिवा लाव" यापलीकडे बोलणं नसायचं. मनातलं सगळं साठून राहायचं आणि बाहेर पडायचं ते सुट्टीच्या दिवशी, छोट्या गाडीत.

छोटी गाडी म्हणजे दोन डबे आणि एक म्हातारं इंजिन. टेकड्यांमधून रमतगमत शेवटच्या स्टेशनला जायची. तिथे या दोघांचं ना कुणी नात्याचं, ना काही काम. जायचं, फलाटावर चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत यायचं. लोक चेष्टा करायचे, "काय दादा, तिकडे जमीन घेतलीय की काय?"

"खिडकी घेतलीय," दादा म्हणायचे.

पुढे वहिनींचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुढच्या सुट्टीला दादा घरीच बसले, तर वहिनी करवादल्या, "उशाशी बसून माझे पाय चालणार आहेत का? जा तुम्ही. आल्यावर सगळं सांगा."

मग दादा एकटेच जाऊ लागले. तेवढा वेळ माझी आई वहिनींजवळ बसायची. दादा येऊन सांगायचे: फाटकवालीनं शेळी घेतली, पुलाखालचं पाणी आटलं, चहाच्या बाकाजवळचं झाड वादळात पडलं. वहिनी डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "शेळी कुठल्या रंगाची?"

गाडी बंद झाली ती कसलाही गाजावाजा न होता. दादा एका सुट्टीला गेले, तर स्टेशनच्या दाराला कुलूप. गाडी परतायच्या वेळेपर्यंत ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "आज गर्दी नव्हती."

असे बरेच आठवडे गेले. एकदा सांगण्याच्या भरात ते म्हणाले, "झाडाला काय बहर आलाय!"

"कुठल्या?"

"अगं, आपल्या चहाच्या बाकाजवळच्या."

"ते तर पडलं. तुम्हीच सांगितलंत."

दादा सदऱ्याच्या बाहीचा दोरा ओढत राहिले.

"गाडी बंद झाली ना?" वहिनींनी विचारलं. दादांनी मान डोलावली.

"मग इतके दिवस जात कुठे होता?"

"स्टेशनबाहेर बसायचो."

"उन्हात?"

"उन्हात."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईला वाटलं, फसवलं म्हणून रागावल्या. पण त्या हुंदके देत म्हणाल्या, "एकटे बसलात हो, माझ्यापायी." मग पदरानं डोळे पुसले. "आता पायी जा. जमेल तेवढं. पण थापा नकोत."

दादा रुळांच्या कडेनं चालत जाऊ लागले. आता बातम्या निराळ्याच होत्या. रुळांत गुडघ्याएवढं गवत. पहिल्या स्टेशनाची पाटी गायब. फाटकवाली शेळी विकून लेकीकडे राहायला गेली. पलीकडच्या टोकाकडून माणसं रूळ कापत येतायत, ट्रकमध्ये भरतायत.

एकदा दादाच थांबले. "पुरे. तुला ऐकवत नाही."

"आपलं माणूस गेलं तर शेवटचं तोंड बघायला जातोच ना आपण? सांगा."

दादांनी सांगितलं. रूळ ट्रकमध्ये पडताना केवढा आवाज होतो, तेसुद्धा सांगितलं.

थंडी सरता सरता वहिनी गेल्या. झोपेतच.

त्यानंतरच्या सुट्टीला सकाळीच दादा चपला घालून बाहेर पडलेले आईनं पाहिले. तिनं अडवलं नाही. दुपारी ते परतले तेव्हा पाय धुळीनं भरले होते. आई दारातच उभी होती.

"भाऊजी, जेवलात का?"

"पूल काढला," दादा म्हणाले. "नुसते दगडी खांब उरलेत. वर काही नाही."

आई कधी त्या गाडीत बसलीच नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठला पूल?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिथेच पायरीवर बसून ते लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून दुकान सुट्टीच्या दिवशीही उघडं असतं.