कुंडलच्या शेडमधली तांबडी मोटार

मी एक जुनी मोटार आहे, असं म्हणायला मला फार आवडलं असतं, मित्रांनो. पण खोटं कशाला बोलू? खोट्यानंच माझा घात केला. मी जुनी नाही, जुन्यासारखी आहे. सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत एक बुटकी, लांब नाकाची, बिनछपराची, दोन माणसांची शर्यतीची मोटार बनत असे. तिची मी नक्कल. माझा जन्म सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावी, उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आज मी त्याच शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसतात. बसू देत बापड्या. त्यांनी मला कधी फसवलं नाही.

मला बांधलं नाथाजींनी. नाथाजी सतरा वर्षं फौजेत होते, गाड्या दुरुस्त करायच्या खात्यात, हवालदार म्हणून. तिथं एका कर्नलसाहेबांकडे ती अस्सल मोटार होती आणि रोज सकाळी तिला पुसायचं काम नाथाजींकडे होतं. पुसता पुसता माणूस तिच्या नादी लागला. मापपट्टी लावून मोजलं तर साहेब रागावतील, म्हणून पठ्ठ्यानं सुतळी घेतली. नाकापासून काचेपर्यंत एक गाठ, चाकापासून दारापर्यंत दुसरी गाठ. रजेवर येताना बाकीचे जवान बायकोला साडी आणायचे, नाथाजींनी बनुबाईंना गाठी मारलेली सुतळी आणून दाखवली. बनुबाई काय बोलल्या असतील ते मी सांगायला नको.

फौजेतून सुटल्यावर नाथाजींनी ट्रॉल्यांचं काम काढलं. दिवाळीच्या आधी त्यांना जेवायलाही फुरसत नसायची, कारण उसाचा हंगाम तोंडावर आलेला असायचा. हंगाम सरला की शेड रिकामी आणि नाथाजी मोकळे. मग पाऊस लागेपर्यंतचे महिने माझे. असे सहा उन्हाळे गेले. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, एका जुन्या टॅक्सीची, इंजिन तिचंच. दिवे दोन भंगारातल्या बुलेटचे. अंग मात्र सगळं त्यांच्या हातचं. गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरायची, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत त्याला बाक आणायचा. नाथाजी डावखुरे. त्यामुळे माझ्या पत्र्याच्या आतल्या अंगाला त्यांचे ठोके उजवीकडून डावीकडे तिरपे उतरतात. बाहेरून मी गुळगुळीत आहे, पण आत सगळीकडे तोच डावा हात आहे. रंग ट्रॉलीला लावतात तोच, तांबडाभडक.

पहिल्यांदा मी शेडबाहेर आले तेव्हा बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं, ह्यात बसायचं का निजायचं?"

"बसून तर बघ," नाथाजी म्हणाले. त्या बसल्या. पदर घट्ट धरून पार पलूसपर्यंत गेल्या आणि परतल्यावर उतरेचनात!

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पंचक्रोशीतल्या किती नवरदेवांची वरात मी काढली! कोरेगावच्या एका लग्नात तर नवरा बाजूला राहिला आणि फोटो माझेच निघाले. कुणीही विचारलं, "ही कुठली गाडी, हवालदार?" की नाथाजी छाती काढून म्हणायचे, "नक्कल हाय. पण माझ्या हातची हाय." माझ्या स्टिअरिंगमागे त्यांनी एक पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर त्यांचं नाव आणि गावाचं नाव. नक्कल म्हटल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढचं वाक्य जोडलेलं असायचं ना!

आता वीरधवलदादांबद्दल सांगते. कोरेगावकडचे मोठे बागायतदार. जुन्या मोटारी जपणाऱ्यांचं जे मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची, हिरव्या रंगाची, अस्सल विलायती मोटार आहे. मी जिची नक्कल, तीच. पण अस्सल असली तरी तिला गंजानं खाल्लं होतं. बॉनेट गेलं होतं, पुढची दोन्ही मडगार्डं गेली होती. दादा ती घेऊन नाथाजींकडे आले. तीन महिने नाथाजी तिच्यापाशी होते. तेच गोणपाट, तीच वाळू, तोच डावा हात. नवं बॉनेट आणि मडगार्डं बसली तेव्हा वीरधवलदादांनी नाथाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "हवालदार, हे आपल्या दोघांतच राहू द्या. मंडळात मूळ भागांना मान असतो."

"तुमी सांगाल तसं, दादासाहेब," नाथाजी म्हणाले. शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा, अशी फौजेतली रीत. त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत सांगलीला जुन्या मोटारींचा मेळा ठरला. वीरधवलदादांनी स्वतः फोन केला. म्हणाले, यंदा हातानं बांधलेल्या गाड्यांची वेगळी रांग करतोय, तुमच्या नावाचा फलक लावतो, तुम्ही आलंच पाहिजे. नाथाजींना आनंद मावेना. आठवडाभर मला पुसत होते. त्यांची लेक अंकिता सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. तिनं कॉलेजभर सांगून ठेवलं, "माझ्या आप्पांनी गाडी बांधलीय, बघायला या."

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. नाथाजी इस्त्रीच्या कपड्यांत, बनुबाई हिरव्या काठपदरात. मैदानावर फक्कीची पांढरी रेघ आखली होती. रेघेच्या आत अस्सल मोटारी, झेंडूच्या माळा घालून. हातानं बांधलेल्या गाड्यांची रांग कुठे? नव्हतीच. फाटकावरच्या माणसानं माझ्याकडे एकवार बघितलं आणि हात केला, "नक्कल ना? ती तिकडं, मोटारसायकली लावल्यात तिथं."

नाथाजींनी इंजिन बंद केलं. बनुबाईच म्हणाल्या, "बोलावून घेतलंया आमाला. आगांतुक न्हाई आलो."

तेवढ्यात वीरधवलदादा लगबगीनं आले. त्यांच्या मंडळातली एक मोटार तासगावच्या अलीकडे बंद पडली होती. फलकावर दहा मोटारी लिहिलेल्या, उभ्या होत्या नऊ. त्यांनी खिशातून एक चकचकीत बिल्ला काढला. त्या विलायती कंपनीचा. "हवालदार, समितीनं वेगळी रांग नामंजूर केली, माझा नाइलाज झाला. पण हा नाकावर लावा, ती पितळी पट्टी काढा आणि गाडी रांगेत घ्या. कोण विचारतंय?"

"दादासाहेब, ही खोटी गोष्ट हुईल."

"माझ्यासाठी, हवालदार. एवढं माझ्यासाठी."

आणि नाथाजींनी पट्टी काढली हो! एकेक स्क्रू काढून ती खिशात टाकली. मी रांगेत उभी राहिले, नाकावर परका बिल्ला लावून. खरं सांगते, क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. लोक फोटो काढत होते, माळ गळ्यात पडली होती. अंकिता दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि लांबूनच ओरडली, "ती बघा, तांबडी! आमची!"

मग परीक्षक आले. पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ, जाड चष्म्याचे. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मडगार्डवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, खाली वाकले आणि आत हात घालून पत्रा चाचपला. बराच वेळ. माझं इंजिन अजून गरम होतं, पण त्यांनी हात काढला नाही.

"ही मूळ गाडी नाही," ते उठत म्हणाले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मात्र काय हात आहे हा! असं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. डावखुरा माणूस दिसतो. आणि गंमत म्हणजे, अगदी असेच तिरपे ठोके मी आत्ताच त्या हिरव्या गाडीच्या बॉनेटखाली चाचपलेत. कुणी बांधली ही?"

मित्रांनो, जन्मल्यापासून मी ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो हा प्रश्न. आणि विचारणारा माणूस असा, की त्याच्या एका शब्दानं नाथाजींचं नाव पुण्यामुंबईपर्यंत गेलं असतं. नाथाजींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या मागे वीरधवलदादा उभे होते. नाथाजी 'मी' म्हणाले असते, तर हिरव्या मोटारीचं बॉनेट कुणाचं, हेही त्याच क्षणी उघडं पडलं असतं. आणि पहिला मान हिरव्या मोटारीलाच मिळणार, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

"हवालदारांनी विकत घेतलीय ती," वीरधवलदादा हसत म्हणाले. "हो ना, हवालदार?"

नाथाजींनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले. "घेतलेली हाय. कुणी केलीया, मला ठावं न्हाई."

"आप्पा?" अंकिता म्हणाली. एवढंच. तिच्या मैत्रिणी तिच्याकडे बघायला लागल्या. नाथाजींनी तिच्याकडेही बघितलं नाही.

"बघा, गरिबाला कुणीतरी खोटा बिल्ला लावून फसवलं," वीरधवलदादा परीक्षकांना म्हणाले. केवढा कळवळा तो! ज्यानं बिल्ला खिशातून काढला, त्याच्याच तोंडात! माझा हॉर्न मला स्वतःला वाजवता आला असता ना, तर सगळं मैदान दणाणून सोडलं असतं.

चार जणांनी मला ढकलत रेघेबाहेर काढलं. पाचवे नाथाजी होते. ज्या हातानं मला घडवलं, तोच हात माझ्या पाठीवर टेकून मला बाहेर लोटत होता. वीरधवलदादांनी फसवलं, त्याचा मला राग आला. ते परके होते, राग येऊन सरला. पण नाथाजींनी 'ठावं न्हाई' म्हटलं, त्याला मी काय म्हणू? बांधणारा सापडला नाही, म्हणून हिरव्या बॉनेटचा प्रश्नही तिथंच विरला. पुढे हिरव्या मोटारीला पहिला मान मिळाला, हे आम्ही टाळ्यांच्या आवाजावरून ओळखलं.

परतीच्या वाटेवर बनुबाईंनी पदर घट्ट आवळून घेतला. मग म्हणाल्या, "सा वरसं घरात ऊन ऊन जेवला न्हाई तुमी हिच्यापायी. आन ठावं न्हाई व्हय?"

"दादासाहेबांची अब्रू गेली असती, बनू. शब्द दिला हुता."

"आन पोरीची गेली ती? कॉलेजात खोटारडी झाली ती आज."

नाथाजींनी गिअर बदलला. त्या दिवसानंतर त्यांनी मला बाहेर काढलं नाही. वरातीचे निरोप यायचे, ते सांगायचे, गाडी बंद हाय. मी बंद नव्हते. माझ्यावर ताडपत्री टाकली होती. ती टाकतानासुद्धा त्यांनी तोंड फिरवलं होतं. अंकिता सुट्टीला घरी यायची, आईशी बोलायची, आप्पांना जेवायला वाढायची आणि उठून जायची.

यंदा दिवाळीच्या आधी हिरवी मोटार पुन्हा आमच्या शेडमध्ये आली. पुढच्या मेळ्याच्या आत मडगार्डचा पोचा काढायचा होता. घेऊन आलेला वीरधवलदादांचा ड्रायव्हर बिरदेव, साधा माणूस. ट्रॉल्यांची कामं बाजूला ठेवून नाथाजी तिच्यापाशी बसले आणि त्यांनी हातोडी घेतली. मी ताडपत्रीखालून ठोके ऐकत होते. माझे ठोके.

अंकिता सुट्टीला आलेली होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"आप्पा, हे मडगार्ड कुणी केलं?"

ठोके थांबले. "मी."

"आन हे बॉनेट?"

"मीच की."

"आन ती?" ती माझ्याकडे बोट करत म्हणाली.

नाथाजींनी माझ्या ताडपत्रीकडे बघितलं. मग म्हणाले, "ती बी मीच केलीया. सा उन्हाळं लागलं मला."

बिरदेव बघतच राहिला. "आवं मामा, मग तवा मैदानात का न्हाई बोललासा? मी हुतो की तितं!"

अंकिताचे डोळे भरून आले. "इथं शेडात मला सांगून काय उपेग, आप्पा? मला तर ठावंच हाय," ती म्हणाली आणि घरात निघून गेली. नाथाजी हातोडी हातात धरून बसून राहिले. थोड्या वेळानं ठोके पुन्हा सुरू झाले, कारण मडगार्ड मुदतीत द्यायचं होतं.

मित्रांनो, मला कुणी अस्सल म्हणावं असा माझा हट्ट कधीच नव्हता. दुचाक्यांच्या शेजारी उभं राहायलाही माझी ना नव्हती. तुम्हीही उद्या काहीतरी कराल. चित्र काढाल, भाकरी थापाल, एखादं वाकडंतिकडं स्टूल बनवाल. कुणीतरी मोठा माणूस येईल आणि चारचौघांत विचारील, हे कुणी केलं? तेव्हा कुणाच्याही मानापायी मान खाली घालू नका. मी केलं, म्हणून सांगा. आम्ही वस्तू बोलत नाही, पण आम्हाला ऐकू येतं.