चूर्णावर चाललेलं घर

मी चूर्णाची बाटली बोलतेय. भातकुलीजवळच्या एका गावात, रामरावांच्या ओसरीतल्या कोनाड्यात माझा मुक्काम होता. हसू नका. त्या घरातली डॉक्टर मीच, कंपाउंडर मीच आणि औषधही मीच!

जन्म अमरावतीतल्या एका वैद्यबुवांच्या दुकानात झाला. ओवा, सुंठ, हिंग आणि भरपूर काळं मीठ कुटून माझ्यात भरलं आणि वर लेबल चिकटवलं, 'जेवणानंतर अर्धा चमचा'. पोट फुगलं, ढेकर अडला, तर मी कामाची. छातीबद्दल लेबलावर अवाक्षर नाही. पण लेबल वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा रामराव फक्त पेपरातल्या निधनवार्ता वाचायला लावत.

माणूस दिलदार हो! गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा तुपात बुडालाच पाहिजे, वांग्याच्या भाजीवर तर्री बोटभर पाहिजे, आणि वरून सुपारी-तंबाखूचा खर्रा. "कास्तकाराले तूप बाधत नाई," असं ठणकावून सांगायचे. ट्रॅक्टर आल्यापासून हा कास्तकार शेतात मोटारसायकलवरून जायचा आणि बांधावरूनच परत फिरायचा, ते सोडा.

गेल्या उन्हाळ्यात गावात आरोग्य शिबिर भरलं. अर्धं गाव चहा-बिस्किटांसाठी गेलं. रामरावांना त्यांच्या सुनेनं, प्रणालीनं, ओढत नेलं. बीपी वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी रोज घ्या, मीठ कमी करा, खर्रा सोडा. रामरावांनी पाकीट संपेपर्यंत गोळी खाल्ली, पुन्हा बीपी मोजला, तर एकदम ठीक. "झालो नं बरा? आता कायले पायजे गोळी?" गोळी चालू होती म्हणून ठीक आहे, हे सांगून सांगून प्रणालीचं तोंड दुखलं. आणि मीठ? ते माझ्यातून दोन्ही वेळा चालूच होतं.

यंदाच्या थंडीत मागच्या अंगणात रोडग्यांची पंगत झाली. जेवण उरकून रामराव ओसरीवर टेकले आणि छाती चोळायला लागले. अंगावर स्वेटर घालायची थंडी, आणि माणूस घामानं चिंब.

"अवो, घाम काहून येऊन राहिला तुमाले?" त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी विचारलं.

"काई नाई. छातीवर दगड ठेवल्यावानी वाटते. हात बी जड झाला."

शेजारचे केशवराव, निवृत्त मास्तर, सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर न करता निदान केलं, "गॅस होय. छातीत चढला. चूर्ण द्या."

झालं! मुलगा किशोर धावत कोनाड्याकडे आला. प्रणाली म्हणाली, "गाडी काढा नं! अमरावतीले नेऊ, ईसीजी तरी काढू."

"गॅससाठी कोणी अमरावतीले जाते काय? पंगत बसली हाये, लोकं हसतील," किशोर म्हणाला.

अरे गाढवांनो, मी पोटाची आहे! पण बाटलीचं कोण ऐकतं? त्यांनी मला चमच्यामागून चमचा ओतलं. एकानं पाठ चोळली, दुसऱ्यानं लिंबू-सोडा पाजला. केशवरावांनी रामरावांना अंगणात फिरवायला लावलं, म्हणजे ढेकर येईल. आणि ढेकर आला बरं का! "निघाला, निघाला!" सगळ्यांना केवढा आनंद झाला. रामरावही हसले, पायरीवर बसले आणि तिथंच कलंडले.

मग गाडी निघाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून एवढंच म्हटलं की फार उशीर केलात. मला इतका संताप आला होता की फुटून जावंसं वाटलं.

तेरवीला, म्हणजे रामरावांच्या तेराव्याला, गाव लोटलं. बुंदी, कढी, वडे. "हार्ट अटॅक सांगून येत नाई बाप्पा," असं म्हणत लोक दुसऱ्यांदा बुंदी घेत होते. सांगून येत नाही? दुपारभर तो ओसरीवर बसून सांगत होता की!

जेवणं झाल्यावर हात पुढे आले, "किशोर, चूर्ण हाये काय?" किशोरनं मला काढलं आणि आधी आपल्याच तळहातावर घेतलं. डावा खांदा चोळत म्हणाला, "कालपासून मले बी जळजळून राहिलं. जागरणानं गॅस झाला."

प्रणालीनं मला त्याच्या हातातून हिसकावलं आणि भर पंगतीसमोर मोरीत उपडं केलं.

"चला, गाडीत बसा."

"अवं, बाबाची तेरवी हाये आज!"

"म्हणूनच म्हणते. मले दुसरी नाई कराची."

केशवराव म्हणाले, "पोरी, गॅसच असते हे…"

"मास्तर, तुमी जेवा," गोदाबाई म्हणाल्या. जन्मभर कुणाला उलटून न बोललेली बाई ती. त्यांनी किशोरच्या खिशातून चावी काढली आणि सुनेच्या हातात दिली.

मी आता मोरीच्या कडेला रिकामी पडले आहे. सकाळी उकिरड्यावर जाईन, जाऊ द्या. तुमच्याही कोनाड्यात माझी एखादी बहीण असेलच. तिला पोटापुरतीच ठेवा. छाती दाबून आली, घाम फुटला, तर तिच्याकडे ढुंकूनही बघू नका, थेट दवाखाना गाठा. गॅस निघाला तर डॉक्टर हसतील, तेवढं सोसा.

दिवेलागणीला भांड्यांची आवराआवर चालली होती, तेव्हा प्रणालीचा फोन आला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "आई, हृदयाची नळी बुजत आली होती. पण अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो. वाचले."

गोदाबाई रामरावांच्या पायरीवर बसल्या.

"प्रणाली," त्यांनी विचारलं, "एवढ्या लवकर पोचते वं अमरावती?"